कोयता गावाबाहेर, योजना गावात: ऊसतोड कुटुंबांसाठीचे कार्यक्रम कसे चालतात, कुठे अडतात

रेशन कार्ड गावच्या दुकानाला जोडलेलं. मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर. गरोदर बाईची नोंद गावच्या अंगणवाडीत आणि आशाताईंच्या वहीत. आपल्याकडच्या बहुतेक कल्याणकारी योजना अशा पत्त्याला बांधलेल्या असतात, आणि माणूस पत्त्यावर असेल तोवर त्या बऱ्यापैकी चालतातही. पण दसरा झाला की बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगाव भाग, इकडे जळगाव-नंदुरबार, अशा ठिकाणची लाखो माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीला, कोणी सातारा-पुणे-सोलापूरला, कोणी बेळगाव-बागलकोटकडे, नंदुरबारकडची मंडळी दक्षिण गुजरातेत. गेलेले लोक मार्च-एप्रिलला परततात. मधले पाच-सहा महिने ते कुठल्याच गावचे नसतात.

हे नेमके किती जण, याचे अंदाज आठ लाखांपासून बारा-चौदा लाखांपर्यंत जातात. एवढा फरक पडतो, कारण मोजणी घराघरात होते आणि ही माणसं तेव्हा उसाच्या फडात असतात.

या कुटुंबांसाठी सरकारनं आणि संस्थांनी काय काय उभं केलं आहे, ते कसं चालतं आणि कुठे अडतं, हे या लेखात सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. योजनांची संख्या कमी नाही. कुटुंब हललं की योजनेचा धागा तुटतो, आणि तो दुसऱ्या टोकाला जोडून देणं हे कुणाच्याच नोकरीत लिहिलेलं नाही. जिथे एखादी शिक्षिका, एखादा ग्रामसेवक, एखादी संस्था ते काम अंगावर घेते, तिथे तीच योजना चालायला लागते.

उचल, कोयता, खाडा

साखर कारखाना मजुराला थेट कामावर ठेवत नाही. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, त्याचा मुकादमाशी, मुकादमाचा मजुराशी. शेवटचा करार बहुधा तोंडीच. हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी, पेरणीच्या आणि लग्नसराईच्या नडीला मुकादम आगाऊ पैसे देतो. ही उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल कोयत्यामागे ठरते, हल्ली पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. पैसे पुरुषाच्या हातात पडतात. बाई तितकंच राबते, वर पहाटेच्या भाकरी आणि पाणी तिच्याकडेच, पण तिच्या नावानं ना उचल ना हिशोब.

जानेवारी २०२४ मध्ये तडजोड होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला २७३ रुपयांच्या आसपास होता, तो ३६६ च्या आसपास गेला. आता एक लाखाची उचल घेतलेल्या जोडीचा हिशोब करू. या दरानं लाख रुपये फिटायला पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो. धडधाकट जोडी दिवसाला दोन टनांपर्यंत तोडते. म्हणजे एकही दिवस न चुकवता साडेचार महिने लागले. हंगामच मुळात चार-पाच महिन्यांचा असतो. खाण्यापिण्याचा खर्च बराचसा वाढं विकून निघतो, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गावातल्या गुरंवाल्यांना देऊन. न आलेला दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर खाड्याचा दंड उचलीत चढतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं भाग पडतं.

हा हिशोब इतक्या तपशिलात सांगायचं कारण आहे. ज्या योजनेसाठी मजुराला दिवसभर कामावरून उठावं लागतं, ती योजना फुकट असली तरी त्याला एका दिवसाची मजुरी आणि खाड्याच्या दंडाएवढी महाग पडते. शिक्का मारून आणा, दोन प्रती काढून आणा, साहेब गुरुवारी भेटतील, असं सांगणाऱ्या खिडकीपाशी तो पुन्हा येत नाही. त्याला योजना माहीत नसते असं समजून शहरात जागृतीचे फलक लावले जातात. माहिती पुष्कळांना असते, वेळ कुणालाच नसतो.

मालक कोण, हा जुना प्रश्न

महाराष्ट्राला असंघटित मजुरांसाठी कायदा करायची चांगली परंपरा आहे. १९६९ चा माथाडी कायदा हे तिचं उत्तम उदाहरण. हमालाला एक ठरावीक मालक नसतो, आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या. म्हणून कायद्यानं मधे मंडळ बसवलं. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, वर ठरावीक टक्के लेव्ही भरतो, आणि मंडळ त्यातून हमालाची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधपाणी बघतं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये केंद्रानं कायदे केले, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून त्यांचं कल्याण मंडळ चालतं.

ऊसतोडीत मात्र कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचा, आणि मुकादम म्हणतो मी स्वतःच कर्ज काढून माणसं आणतो. मुकादमाचंही सगळं खोटं नसतं, उचल घेऊन टोळी, म्हणजे मजुरांचा गट, पळाली की तो कर्जात बुडतो. पण या भांडणात अपघात झाला, बैल मेला, बाई बाळंत झाली, की जबाबदारी घ्यायला कुणी उरत नाही.

यावर उपाय म्हणून राज्य सरकारनं लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढलं. त्याच्या निधीची रीत सोपी आहे: गाळलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्याकडून १० रुपये आणि तितकेच सरकारकडून. राज्यात बऱ्या हंगामात साधारण दहा कोटी टन ऊस गाळला जातो, त्यामुळे कागदावर दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर कोटी होतात. २०२१ मध्ये ग्रामसेवकांनी आपापल्या गावातल्या ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यावं, असा आदेश निघाला. मला हा आदेश या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ओळखपत्र हातात आलं की नवरा-बायकोची नावं वेगवेगळी लिहिली जातात. बाई पहिल्यांदा अर्धा कोयता न राहता कामगार म्हणून कागदावर येते. म्हणून नोंद घरागणिक न करता माणसागणिक झाली पाहिजे, यावर गावात लक्ष ठेवायला हवं.

पण माथाडी मंडळाशी या महामंडळाची बरोबरी करता येत नाही. माथाडीत मजुरी स्वतः मंडळातून जाते, म्हणून कुणी किती काम केलं याचा पुरावा तयार होतो. इथे मजुरी अजून मुकादमाच्या डायरीतूनच जाते. मजुरी आणि तिची नोंद कायद्याच्या चौकटीत येत नाही तोवर महामंडळ मदत वाटू शकेल, हक्क मिळवून देऊ शकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळा: मागे ठेवायचं की सोबत न्यायचं?

सगळ्यात जास्त प्रयोग मुलांच्या शिक्षणावर झाले आहेत. त्यात दोन वाटा दिसतात. एक, मुलाला गावातच ठेवायची सोय करायची. दुसरी, मूल जिथे जाईल तिथे शाळा पोचवायची.

दुसऱ्या वाटेनं आधी गेलेल्या म्हणजे साखरशाळा. छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) जनार्थ या संस्थेनं कारखान्याच्या तळांवर अशा शाळा चालवायला घेतल्या आणि पुढे त्या बऱ्याच कारखान्यांपर्यंत पोचल्या. त्या कुठे चालल्या आणि कुठे नाही, याचं उत्तर ऊस वाहण्याच्या पद्धतीत आहे. गाडी सेंटरचे मजूर, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणारे, कारखान्याजवळ एकाच तळावर पूर्ण हंगाम राहतात. शंभर-दोनशे कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, एका जागी, मुलंही एका जागी. तिथे शाळा भरवता येते. डोकी सेंटरची टोळी मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरते आणि फड संपेल तशी गावोगाव हलते. आठ-दहा कोयते आज एका शिवारात, पंधरवड्यानं दुसऱ्या तालुक्यात. त्यांच्यासाठी तळावरची शाळा कामाची नाही.

२०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. प्रत्येक मूल नियमित शाळेतच असलं पाहिजे हे तत्त्व आलं आणि अनौपचारिक साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व बरोबर होतं. पण तळापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या गावच्या शाळेत मुलं रोज जाणार कशी, रस्त्यानं उसाची वाहनं रात्रंदिवस धावत असताना सहा वर्षांच्या मुलीला कोण सोडणार, हा प्रश्न कायद्यानं स्थानिक यंत्रणेवर सोपवला. यंत्रणेनं तो बराचसा आईबापांवर सोडला.

तरीही हा कायदा या मुलांच्या बाजूनं भक्कम आहे आणि प्रत्येक मुख्याध्यापकाला त्याची कलमं तोंडपाठ हवीत. कलम ५ प्रमाणे दाखला आलेला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही किंवा लांबवता येत नाही. कलम १४ म्हणतं वयाचा पुरावा नाही म्हणून नकार देता येणार नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष अर्धं उलटलं असलं तरी दार बंद करता येत नाही. कलम ४ नुसार मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं. आणि कलम ९ मध्ये, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत नोव्हेंबरात एखादा बाप मुलाचा हात धरून आला, तर ‘जूनमध्ये या’ हे उत्तर बेकायदा आहे.

कागदी सोय म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. मूल निघताना गावची शाळा त्याची इयत्ता, त्याला काय येतं हे लिहून कार्ड देते. ते दाखवलं की दुसऱ्या गावची शाळा त्याला बसवून घेते, आणि परत आल्यावर मूल आपल्याच वर्गात जातं. गावच्या पटावरून नाव काढावं लागत नाही. यातली खोच शिक्षकांना विचारली तर ते लगेच सांगतील. संचमान्यतेत शिक्षकांची पदं पटसंख्येवर ठरतात. तीस पोरांच्या वस्तीशाळेतून बारा गेली की एक पद हलतं. त्यामुळे पूर्वी कैक ठिकाणी गेलेलं मूलही हजेरीत हजर दिसायचं. हमी कार्डामुळे शाळेला पट गमवायची भीती राहत नाही, मूल खरोखर कुठे आहे हे लपवायची गरज उरत नाही.

पण कार्ड पत्र्याच्या पेटीत भाकरीच्या पिठाखाली राहिलं तर? इथेच बालरक्षक कामी येतात. शाळाबाह्य मुलांसाठी स्वेच्छेनं काम करणाऱ्या शिक्षकांना महाराष्ट्रात बालरक्षक म्हणतात. त्यांचं काम फोनवर चालतं. शिरूर कासारच्या शाळेतल्या बाई टोळी निघायच्या आधी मुकादमाचा नंबर आणि कारखान्याचं नाव लिहून घेतात. आठवड्यानं मुकादमाला फोन: टोळी कुठल्या गावात उतरली? गावाचं नाव कळलं की ते व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं, त्या तालुक्यातला कुणी बालरक्षक जवळच्या मुख्याध्यापकांशी बोलतो, आणि एक शिक्षक संध्याकाळी, माणसं फडातून आल्यावर, कोप्यांवर जातो. सकाळी जाऊन उपयोग नसतो, तेव्हा तिथे फक्त चुलीची राख, झोळीतलं तान्हं आणि त्याला झोका देणारी आठ-नऊ वर्षांची बहीण असते. ही बहीण शाळेत यायची असेल तर आधी तान्ह्याची सोय लागते. म्हणून गावची अंगणवाडी आणि शाळा यांनी ही मुलं एकत्रच घ्यायला हवीत. धाकटं अंगणवाडीत गेलं तरच थोरली वर्गात बसते.

राज्याबाहेर गेलेल्यांची गोष्ट वेगळी. बागलकोटच्या गावात शाळा कन्नड, बारडोलीकडे गुजराती. तिथे कितीही प्रेमानं बसवून घेतलं तरी चौथीचं मूल पहिलीतल्यासारखं गप्प बसतं. या मुलांसाठी पहिली वाटच बरी, म्हणजे गावात राहणं.

त्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. नाव वसतिगृह असलं तरी इमारत असेलच असं नाही. शाळा व्यवस्थापन समिती गावातच मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय करते, मुलं रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे झोपतात. कमी खर्चात आणि मुलाला घरापासून न तोडता होणारी ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. तिचं दुखणं वेळेचं. ट्रक दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मंजुरी डिसेंबरात पोचते. तोवर आईबाप मुलं घेऊन गेलेले असतात. पोराला सत्तर वर्षांच्या म्हातारीच्या भरवशावर, ‘जेवण पुढच्या महिन्यापासून’ एवढ्या आश्वासनावर कोण ठेवून जाईल?

कायमच्या वसतिगृहांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली: ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं आणि एक मुलींचं, सुरुवात बीड, अहिल्यानगर आणि जालन्यापासून. संस्थांनी हे काम त्याही आधी सुरू केलं होतं. बीड जिल्ह्यात आर्वीचं शांतिवन ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांना कैक वर्षं निवासी शिक्षण देत आहे. कोल्हापुरात अवनि संस्था वीटभट्ट्या आणि उसाच्या तळांवरच्या मुलांसाठी काम करते.

मुलींच्या वसतिगृहाकडे मी निव्वळ शिक्षणाची सोय म्हणून बघत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला गावात एकटं ठेवायची आईला भीती, आणि फडावर उघड्यावरच्या कोपीत न्यायचीही भीती. दोन्ही भीतींवर गावानं शोधलेला उपाय म्हणजे लग्न. लग्न झालं की नवी जोडी, म्हणजे एक नवा पूर्ण कोयता आणि एक नवी उचल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दहावीपर्यंत सुरक्षित खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं तर यातली पुष्कळ लग्नं टळतील. बालविवाहाविरुद्धच्या भाषणांनी एवढं होणार नाही.

रेशन: कार्ड घरी राहिलं तरी चालतं

‘एक देश एक रेशन कार्ड’ ही सोय या कुटुंबांसाठी अगदी नेमकी आहे आणि तिचा फायदा फार थोडे घेतात. महाराष्ट्र-गुजरात यांच्यात ती ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली, आता देशभर आहे. राज्यातल्या राज्यात तर आणखी सोपं. कार्डाची मूळ प्रत सोबत लागत नाही, बारा अंकी कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक पुरतो. कुटुंबातला कुणीही एक सदस्य, ज्याचं आधार कार्डाला जोडलेलं आहे, तो कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलू शकतो.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट पुढची. धान्य विभागून उचलता येतं. पाच माणसांचं प्राधान्य कार्ड असेल तर महिन्याला माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो. त्यातलं आजी आणि दोन नातवंडांचं पंधरा किलो गावात, उरलेलं दहा किलो नवरा-बायकोला तोडणीच्या ठिकाणी, कोल्हापूरकडच्या शिरोळमध्ये. ‘आम्ही तिकडे उचललं तर म्हातारीचं बंद होईल’ या धास्तीनं जोड्या बाजारभावानं ज्वारी-तांदूळ घेतात, हे थांबवता येण्यासारखं आहे.

अडचणी दोन. पहिली बोटांची. सकाळी चारपासून कोयता धरलेल्या आणि पाचटानं कापलेल्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, ई-पॉस मशीन तीन-तीन वेळा नकार देतं आणि मागे रांग कुरकुरते. अशा वेळी दुसरं बोट, नाहीतर कुटुंबातला दुसरा सदस्य लावून बघायचा. मुलांचंही आधार जोडलेलं असेल तर इथे उपयोगी पडतं. दुसरी अडचण दुकानदाराची. त्याच्याकडे कोटा येतो गावच्या कार्डांपुरता, आणि डिसेंबरात शिवारात तीन टोळ्या उतरल्या की तो म्हणतो माल नाही. बाहेरच्या कार्डांवर गेलेलं धान्य त्याला भरून मिळायची तरतूद असते, पण त्याआधी आपल्या गावकऱ्यांचा माल कमी पडेल ही त्याची भीती खरी आहे. तहसीलच्या पुरवठा विभागानं कारखान्याकडून टोळ्यांची यादी घेऊन त्या गावांचा कोटा आधीच वाढवला, तर हे भांडण दुकानाच्या दारात होणारच नाही.

बायकांचं आरोग्य

२०१९ मध्ये बीडमधल्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पुष्कळ जणी तिशी-पस्तिशीतल्या.

हे कसं होतं ते समजायला फडावरचा दिवस डोळ्यांसमोर आणावा लागेल. संडास नाही, न्हाणीघर नाही. अंधार असतानाच अंघोळ, ओलं फडकं तसंच सुकवायचं, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. अंगावरून जायला लागलं तरी हंगामात दवाखाना नाही, कारण खाडा. गावी आल्यावर खासगी दवाखान्यात जायचं. तिथे ‘पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल’ असं कुणी घाबरवलं की कर्ज काढून शस्त्रक्रिया. ते कर्ज फेडायला पुढची उचल.

त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. हंगामाला जायच्या आधी आणि आल्यावर तपासणी, सोबत आरोग्य कार्ड, अशी पद्धत ठरली. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, या संघटनेनं ऊसतोड महिलांचा प्रश्न सतत लावून धरला आहे. परवानगीच्या अटीनं मनमानीला आळा बसला हे चांगलंच, पण मूळ आजाराचा उपचार तिथे नाही. तळावर दर वीस-पंचवीस कोप्यांमागे आडोशाचा संडास-न्हाणी, पाण्याचा टँकर, आणि गरोदर बाईला खाड्यातून सूट, एवढं कारखान्यानं केलं तर दवाखान्याचे निम्मे फेरे कमी होतील. यात कारखान्याच्या आवाक्याबाहेरचं काही नाही.

गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची स्थलांतर नोंदीची प्रणाली आहे, एमटीएस नावाची. पालघर, नंदुरबार, जालना अशा निवडक जिल्ह्यांतून ती सुरू झाली. निघणाऱ्या कुटुंबाची नोंद मूळ गावची अंगणवाडी सेविका करते, म्हणजे पोचतील तिथल्या सेविकेला पोषण आहार आणि लसीकरण पुढे चालू ठेवता यावं. ही प्रणाली नसेल तिथेही हक्क तोच आहे. माता-बाल संरक्षण कार्ड दाखवून कुठल्याही उपकेंद्रात लस मिळते, आणि बाहेरगावच्या मुलाला अंगणवाडीत आहार नाकारता येत नाही.

ऊस ज्याच्या शेतात आहे त्या शेतकऱ्याबद्दलही बोललं पाहिजे. त्याचा राग मला समजतो. तोड वेळेवर येत नाही, आली की खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागितली जाते, ऊस वाळत असतो, आणि समोर दिसते ती टोळी. पण टोळीच्या कोप्या त्याच्याच बांधाला पडतात, त्यामुळे सगळ्यात आधी हे कुटुंब त्यालाच भेटतं. गावच्या शाळेत, अंगणवाडीत, आशाताईंना एक फोन करून ‘आमच्या मळ्यात आठ कोयते उतरलेत, बारा पोरं आहेत, एक बाई सात महिन्यांची आहे’ एवढं त्यानं कळवलं, तर वर सांगितलेली निम्मी यंत्रणा हलते. मूल संकटात दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक, म्हणजे चाइल्ड हेल्पलाइन, चोवीस तास आहे.

सगळं वेळापत्रकावर येऊन ठेपतं

सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं, शाळेचं जूनला, आणि ऊसतोड कुटुंबाचं वर्ष उचल हातात पडते तेव्हा. ती पडते मे ते ऑगस्टच्या दरम्यान, बियाणं आणि वह्या-पुस्तकांच्या दिवसांत. एकदा उचल घेतली की कोण जाणार, कुठे जाणार, मुलं सोबत की मागे, हे सगळं ठरून जातं. आपले कार्यक्रम मात्र नोव्हेंबरात, ट्रक निघाल्यावर जागे होतात. त्या महिन्यांत गावात रोजगार हमीचं काम निघालं, बचत गटातून वीस-तीस हजार सरळ व्याजानं मिळाले, तर काही घरं त्या वर्षी जाणार नाहीत. सगळी थांबणार नाहीत हेही खरं. चार एकर कोरडवाहू रान आणि हुकलेला पाऊस यांच्यासमोर वीस हजार किती पुरणार. पण उचल लाखाऐवजी साठ हजारांची घेतली तरी हंगामातले दीड-दोन महिने सुटतात, आणि तेवढ्या काळात आजारी बाई खाड्याला न भिता दवाखान्यात जाऊ शकते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात, आणि रूढ तारखा या कामासाठी अगदी सोयीच्या आहेत. १५ ऑगस्टच्या सभेत हंगामी वसतिगृहाचा ठराव आणि मुलांची यादी झाली तर मंजुरीला अडीच महिने मिळतात. २ ऑक्टोबरच्या सभेत ग्रामसेवकांनी ओळखपत्रं तिथेच वाटावीत, मुख्याध्यापकांनी हमी कार्डं, आशाताईंनी आरोग्य कार्डं. मुकादम त्याच गावचे असतात, त्यांना समोर बसवून कारखान्याचं नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घ्यावा. १ मेच्या सभेला बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. त्या दिवशी वही पुन्हा उघडून नावं वाचायची: कुणाचं मूल वर्गात परत आलं, कुणाचं आलं नाही, कुणाची उचल अंगावर राहिली, कोणत्या बाईला तपासणीला न्यायचं आहे. परत न आलेल्या मुलाच्या नावापुढे जबाबदार शिक्षकाचं नाव आणि जूनमधली तारीख त्याच सभेत टाकायची.